घाणी, दोन दुकानं आणि एक मिजिगिति : सोमनाथचा १२६४ चा लेख

सोमनाथ म्हटलं की बहुतेकांना दोन तारखा आठवतात. १०२६ ची महमूद गझनवीची स्वारी आणि १९५१ ची नव्या देवळातली प्राणप्रतिष्ठा. या दोन टोकांच्या मध्ये सव्वानऊशे वर्षं आहेत, आणि त्यातलं एक वर्ष आज आपण जरा सावकाश बघणार आहोत : १२६४. त्या वर्षी होर्मुझहून आलेल्या एका जहाजमालकाने सोमनाथ शहराला लागून मशीद बांधली, तिच्या खर्चासाठी मालमत्ता लावून दिली, आणि हा सगळा व्यवहार संस्कृतमध्ये दगडावर कोरून घेतला. अरबीतही एक लेख कोरला. संस्कृत शिळा वेरावळला हर्षद मातेच्या देवळाच्या भिंतीत आहे. जेम्स टॉड १८२२ मध्ये या भागात आला तेव्हा त्याने ती पाहिली होती.

हा लेख अजिबात अज्ञात नाही. मध्ययुगीन भारतावरच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात त्याचा उल्लेख एका ओळीत येतो, साधारण असा : सोमनाथच्या शैव आचार्यांच्या संमतीने मशीद बांधली गेली, यावरून तेव्हाचा सलोखा दिसतो. नेट-सेटच्या उत्तरपत्रिकेला एवढं पुरतं. संशोधनाला पुरत नाही. कारण लेखाचा सगळ्यात मोलाचा भाग राजांच्या बिरुदांत नाही आणि सलोख्यातही नाही. तो मधल्या कंटाळवाण्या यादीत आहे : कुठली घरं, कुणाकडून घेतली, तोंड कुठल्या दिशेला, छप्पर कशाचं, उत्पन्न कुणाला. मशीद बांधणं ही एकदाच होणारी गोष्ट. तिच्यात दर संध्याकाळी दिवा लागणं ही शेकडो वर्षांची व्यवस्था. मुसलमान राज्य नसलेल्या किनाऱ्यावर ही व्यवस्था कशाच्या जोरावर उभी राहायची, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्या यादीत आहे.

आधी तारीख, कारण मी मूळची विज्ञानशाखेची आणि आकडे दिसले की आधी ते तपासायची सवय जात नाही. लेखात एकाच दिवसाला चार संवत दिले आहेत. रसूल महंमद संवत ६६२, विक्रम संवत १३२०, वलभी संवत ९४५ आणि सिंह संवत १५१. तिथी आषाढ वदि १३, वार रविवार. आता वही घ्या. गुजरातेतलं विक्रम वर्ष कार्तिकात सुरू होतं, म्हणून १३२० चा आषाढ १२६४ मध्ये पडतो. वदि पक्ष इथे पौर्णिमान्त पद्धतीने मोजला आहे, म्हणजे आपल्या अमान्त पंचांगात हा पंधरवडा ज्येष्ठ वद्य ठरतो. हिशोब केला की दिवस येतो २५ मे १२६४, आणि तो खरोखरच रविवार आहे. लेखाचा वार गणिताशी जुळला की छातीवरचं ओझं उतरतं. बनावट किंवा खूप नंतर कोरलेल्या लेखांत वार बऱ्याचदा चुकतो. शिवाय १२६४ मधून ९४५ वजा केले की ३१९ उरतात. वलभी संवताचा आरंभ ठरवताना टॉडला हाच लेख उपयोगी पडला. एका मशिदीच्या खर्चाच्या कागदाने एका राजघराण्याच्या कालगणनेचा प्रश्न सोडवायला मदत केली, हे मला अजूनही मजेशीर वाटतं.

माणसं कोण? मुख्य माणूस म्हणजे नाखुदा नूरुद्दीन फिरोझ, लेखातला ‘नोरदीन पीरोज’, नाखुदा अबू इब्राहीमचा मुलगा, होर्मुझचा. त्याच्या वरती होर्मुझचा अमीर रुक्नुद्दीन. इकडे पाटणला राजा अर्जुनदेव वाघेला, महामात्य मालदेव. सोमनाथमध्ये कारभार पाहायला पंचकुल, आणि त्या पंचकुलाच्या शिरोभागी पाशुपत आचार्य परा वीरभद्र. पंचकुल हा शब्द सोडून पुढे जाऊ नका. स्थानिक पातळीवर करवसुली, व्यवहारांची नोंद, वादांचा निकाल बघणारं हे अधिकृत मंडळ. म्हणजे सोमनाथच्या आचार्याचं नाव या लेखात ‘परवानगी देणारा उदार धर्मगुरू’ म्हणून येत नाही. ज्याच्या कारभारात हा व्यवहार नोंदला गेला तो अधिकारी म्हणून ते येतं. त्याच्या मनात काय होतं हे दगड सांगत नाही. त्याच्या कचेरीत काय मान्य झालं ते मात्र सांगतो.

जमीन शहराच्या बाहेर, सीकोत्तरी इथली. ती फिरोझला मिळाली राजकुल श्री छाडा याच्याकडून, नानसिंहाच्या मुलाकडून. लेखात छाडाला फिरोझचा ‘धर्मबांधव’ म्हटलं आहे. गावातल्या बड्या असामींची, बृहत्पुरुषांची, नावं दिली आहेत : ठक्कुर पलुगिदेव, राणक सोमेश्वरदेव, ठक्कुर रामदेव, ठक्कुर भीमसिंह. आणि सगळी जमात हजर. हस्तांतराची भाषा पाहिली की ती आपल्या ताम्रपटांच्या ओळखीची वाटते. जमीन ‘नवनिधानसहित’, म्हणजे तिच्या पोटात जे काही सापडेल त्यासकट. ‘यथेष्टकामकरणीय’, म्हणजे घेणाऱ्याला हवं ते करायची मोकळीक. आणि ‘स्पर्शनन्यायाने’ घेतलेली. ही सगळी त्या काळच्या दस्तांची ठरीव परिभाषा आहे. ब्राह्मणाला अग्रहार देताना, देवळाला शेत लावून देताना हेच शब्द वापरत. थोडक्यात, पुढे या जमिनीवर कुणी दावा लावलाच, तर सोमनाथच्या पंचकुलापुढे फिरोझच्या माणसांना एकही परका शब्द समजावून सांगायची गरज पडणार नव्हती.

आता ती यादी.

पहिली मालमत्ता शहराच्या मध्यभागी आहे. बकुलेश्वर देवाच्या मालकीची पल्लडिका, म्हणजे आवारासकट घरांचा समूह. वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेली घरं, काहींवर गवताचं छप्पर, काहींवर कौलं. ही घेतली कुणाकडून? नवघणेश्वराचे स्थानपती परा त्रिपुरांतक, परा रत्नेश्वर आणि इतरांकडून. म्हणजे देवस्थानाच्या मिळकतीतला तुकडा शैव मठाधिपतींकडून घेऊन मशिदीला लावला आहे. दुसरी मालमत्ता एक तेलाची घाणी. तिसरी, मशिदीसमोरची दोन दुकानं, तीही स्थानिक माणसांकडून घेतलेली, विकणाऱ्यांची नावं आणि बापांची नावं देऊन.

घाणीपाशी जरा थांबू. मशिदीचा पहिला नियमित खर्च दिव्याचं तेल. घाणी लावून दिली म्हणजे तेल घरचंच, वर विकून पैसाही. घरांचं आणि दुकानांचं भाडं बाजाराबरोबर वर-खाली होतं, पण गावाला तेल रोज लागतं. फिरोझ समुद्रावरच्या व्यापारात मुरलेला माणूस. एक खेप बुडाली तरी सगळं बुडू नये ही अक्कल त्याच्या दानातही दिसते : निवासी घरं, उत्पादनाचं साधन, दुकानं, असे तीन वेगळे स्रोत. ही माझी जोड आहे, लेख असं कुठे म्हणत नाही. पण यादीकडे अंदाजपत्रक म्हणून पाहिलं की ती बोलायला लागते.

खर्चाची बाजूही नोंदली आहे. रोजची पूजा (हाच शब्द), दिवा, तेल, पाणी. नमाज चालवणारा, बांग देणारा, कुराण वाचणारा, यांचा चरितार्थ. नाविकांच्या चालीप्रमाणे वर्षाच्या काही खास रात्रींचा उत्सव, ज्यांचा अर्थ अभ्यासक शब-ए-बरात आणि खतमची रात्र असा लावतात. दरवर्षी चुन्याची सफेदी आणि पडझडीची दुरुस्ती. खाऱ्या वाऱ्यात उभी असलेली इमारत दरवर्षी सफेदी आणि डागडुजी मागतेच. कोकणात घर असणाऱ्यांना हे सांगायला नको.

आणि यानंतर येणारं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हे सगळं भागून जे शिल्लक राहील ते मक्का आणि मदिनेच्या धर्मस्थानांना पाठवायचं. कारभार पाहायचा जमातींनी, आणि त्या जमाती धंद्यावार आहेत. नाखुदा आणि खलाशी यांची एक. खतीबासह घांचींची, म्हणजे तेल्यांची, एक. चुनेवाल्यांची एक. आणि पथपतींमधल्या मुसलमानांची. पुन्हा तेली आणि चुनेवाले बघा! ज्यांच्या हातात तेल आणि चुना, त्यांचाच विश्वस्तांत समावेश. सोमनाथचे मुसलमान म्हणजे फक्त बाहेरून आलेले श्रीमंत व्यापारी, हे चित्रही इथे ढासळतं. घाण्याभोवती फिरणारी आणि चुनाभट्टीवर राबणारी माणसं तिथली होती, कायमची होती, आणि संघटित होती.

थोडं वक्फविषयी, कारण त्याशिवाय या यादीचा साचा कळत नाही. वक्फ या शब्दाचा मूळ अर्थ थांबवणं, रोखून धरणं. परंपरा याचं मूळ खलीफा उमर यांच्या खैबरच्या जमिनीत सांगते : मूळ मालमत्ता रोखून ठेवायची, ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, आणि तिचं फळ मात्र वाटून टाकायचं. नवव्या शतकापर्यंत फकीहांनी यावर बारकाईने कायदा रचला होता. बगदादच्या अल-खस्साफचा अवकाफवरचा ग्रंथ त्याच काळातला. दान देणारा कोण, मालमत्ता कोणती, लाभ कुणाला, देखरेख कुणाची, एवढं स्पष्ट हवं. आणि हनफी परंपरेत एका मुद्द्यावर बरीच चर्चा झाली : लाभार्थी संपला तर? वक्फ कायमचा असायचा, तर शेवटचा लाभार्थीही कधी न संपणारा हवा.

आता ‘शिल्लक मक्का-मदिनेला’ हे वाक्य परत वाचा. वरवर ती भक्ती आहे, आणि ती आहेच. पण उत्पन्नाचा एक लाभार्थी असा ठेवला आहे जो कधीच नाहीसा होणार नाही. संस्कृत लेखात ‘वक्फ’ हा शब्द नाही, पण वक्फला लागणारं जवळपास सगळं आहे. दाता, मालमत्तेचं वर्णन, खर्चाचा क्रम, देखरेख करणारे, न संपणारा शेवटचा धनी. आणि त्याच वेळी पंचकुलाच्या नजरेत तो शंभर नंबरी धर्मदाय आहे, आपल्याकडच्या शेकडो दानलेखांसारखा, शेवटी शापवचनासकट. जो हे मोडेल त्याला पंचमहापातकांचं पाप लागेल आणि तो नरकात जाईल, असं लेख बजावतो. मशिदीच्या रक्षणासाठी पंचमहापातकं! तर माझं म्हणणं एवढंच : हा दस्त मुद्दाम असा घडवला आहे की दोन वेगळ्या कायदापरंपरांत तो एकाच वेळी टिकेल. जमातीतल्या जाणत्याने वाचला तर वक्फ, पंचकुलाने वाचला तर दान.

हीच दुहेरी रचना शब्दांत दिसते. मशिदीला ‘मिजिगिति’ म्हटलं आहे, आणि पुढे लगेच ‘धर्मस्थान’. मिजिगिति हे रूप अरबी ‘मस्जिद’पेक्षा जुन्या फारसी ‘मझगित’च्या जवळ जातं. कुर्दी भाषेत आजही मशिदीला मिझगेफ्त म्हणतात. म्हणजे हा शब्द किनाऱ्यावर इराणी खलाशांच्या तोंडून आला असावा. ईश्वराला लेखाच्या आरंभी विश्वनाथ, विश्वरूप, शून्यरूप अशा विशेषणांनी वंदन आहे. सोमनाथमध्ये विश्वनाथ हा शब्द शिवाकडे बोट दाखवणार, आणि अरबीत ‘सृष्टीचा स्वामी’ म्हणणाऱ्याला तो शब्दशः पटणार. पैगंबर ‘बोधक’ आहेत. यात कुणी कुणाला फसवत नाहीये. ज्या भाषेत नोंद करायची तिच्यात जागा शोधावी लागते, एवढंच.

आता दुसरी शिळा. अरबी लेखाची तारीख २७ रमजान ६६२, म्हणजे २३ जुलै १२६४. संस्कृत लेखानंतर बरोबर ५९ दिवसांनी. ५९ दिवस म्हणजे दोन चांद्रमास, आणि कोष्टकाने मोजलं तर संस्कृत लेखाचा दिवस २७ रजबच्या आसपास येतो. एक मेराजची रात्र मानली जाते, दुसरी लैलतुल कद्रची. आधी पंचकुलापुढे व्यवहाराची नोंद आणि मग पवित्र रात्रीचा मुहूर्त धरून अर्पण, असा क्रम लावायचा मोह होतो. मोह म्हणूनच नोंदवते. दोन तारखा जुळल्या म्हणजे हेतू सिद्ध झाला असं नाही, हे विज्ञानातून आलेल्यांना तरी वेगळं सांगायला नको.

अरबी लेखाचा स्वर वेगळा आहे. तिथे फिरोझच्या मोठमोठ्या पदव्या आहेत, आणि अशी प्रार्थना आहे की अल्लाहने हे शहर इस्लामच्या शहरांपैकी एक करावं, इथून कुफ्र आणि मूर्ती जाव्यात. इथे बरेच वाचक दचकतात. संस्कृत शिळेवर धर्मबांधव आणि अरबी शिळेवर हे? मग सुरू होतं ते निवडून उद्धृत करणं. ज्याला सलोखा दाखवायचा तो संस्कृत लेख उचलतो, ज्याला कपट दाखवायचं तो अरबी. दोघांचंही काम अर्ध्या पुराव्यावर चालतं. माझ्या वाचनात अरबी ओळी या मशिदीच्या लेखांत रूढ असलेल्या प्रार्थनेच्या साच्यातल्या आहेत, जशी संस्कृत शापवचनं साच्यातली आहेत. पण ‘साचा आहे’ म्हणून ती प्रार्थना निरर्थकही ठरत नाही. माणूस शेजाऱ्याबरोबर पिढ्यान् पिढ्या चालेल असा करार करू शकतो आणि आपल्या देवाकडे शेजाऱ्याला न रुचणारं मागणंही मागू शकतो. तेराव्या शतकातली माणसं आपल्या सोयीसाठी एकसुरी झाली नव्हती. रोमिला थापर यांनी सोमनाथवरच्या पुस्तकात आणि ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी संस्कृत स्रोतांतल्या मुसलमानांच्या प्रतिमेवरच्या अभ्यासात हे लेख मांडले आहेत. दोघांची मांडणी शेजारी ठेवून वाचली की एकाच दगडाला किती प्रश्न विचारता येतात ते कळतं.

हा करार नसता तर काय झालं असतं? खंभातची गोष्ट पाहा. औफी नावाच्या फारसी लेखकाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, स्वतः खंभातला राहून गेल्यावर, ती लिहून ठेवली. सिद्धराज जयसिंहाच्या काळात तिथल्या मशिदीवर हल्ला झाला, मिनार पाडला, माणसं मारली. वाचलेला खतीब अली राजाला शिकारीच्या वाटेवर गाठतो. राजा वेष बदलून स्वतः खंभातला जाऊन चौकशी करतो, दोषींना शिक्षा करतो, आणि पुनर्बांधणीसाठी एक लाख बालोत्र देतो. गोष्ट म्हणून ती सुंदर आहे आणि औफीचा संग्रह गोष्टींचाच आहे, तेव्हा तपशिलांवर पैज लावू नये. पण तिच्यामागची भीती खरी आहे. एका राजाच्या न्यायबुद्धीवर सगळं टांगलेलं. पुढचा राजा कसा निघेल? फिरोझचा दस्त या भीतीवरचा उपाय आहे : साक्षीदार, विकणाऱ्यांची नावं, पंचकुलाची नोंद, चार जमातींची देखरेख, आणि सगळं दगडावर.

फिरोझची पद्धत किनाऱ्यावरची एकमेव पद्धत नव्हती. दक्षिणेला गोव्यात, या लेखाच्या दोनशे वर्षं आधी, निराळी तऱ्हा दिसते. गोवे कदंबांच्या लेखांत एक प्रसंग येतो : राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथच्या यात्रेला निघाला (हो, याच सोमनाथच्या), वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली, तेव्हा गोव्याच्या बंदरातल्या मधुमद नावाच्या ताजिक व्यापाऱ्याने त्याला मदत केली. मधुमद म्हणजे महंमद, ताजिक म्हणजे अरब. याच घराण्यातला छडम पुढे पहिल्या जयकेशीच्या राज्यात मोठ्या अधिकारावर पोचला, आणि १०५९ च्या पणजी ताम्रपटाप्रमाणे त्याने गोव्यात उभारलेल्या ‘मिजिगिति’च्या खर्चासाठी राजाने त्याला बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर घ्यायची मुभा दिली. शब्द बघा, तोच : मिजिगिति. वेरावळच्या दोनशे वर्षं आधी हा शब्द कोकण किनाऱ्यावरच्या राजदस्तात रुळलेला आहे.

पण उत्पन्नाचा स्रोत वेगळा. गोव्यात घरं-दुकानं नाहीत, जकात आहे. कदंबांच्या गोपकपट्टणात संपत्ती गोदीवर उतरत होती, तेव्हा दानही गोदीवरच लावलं. यात एक धोका दडलेला आहे. जकात हा राजाचा हक्क, त्याने सोडला तोवर मिळतो. सोमनाथची घाणी ही विकत घेतलेली मिळकत. राजा बदलला तर कागदावर तरी घाणी जागची हलत नाही, जकातीचं तसं नाही.

कोळिकोडच्या मुच्चुंदी मशिदीतला लेखही दुहेरी आहे, अरबी आणि जुन्या मल्याळममध्ये, साधारण तेराव्या शतकातला. दाता शिहाबुद्दीन रैहान, मसूद नावाच्या माणसाने मुक्त केलेला गुलाम. त्याने स्वतःच्या पैशाने जमीन विकत घेऊन मशीद आणि विहीर बांधली, इमाम आणि मुअझ्झिनची सोय केली. मल्याळम भागात पुंतुरक्कोन, म्हणजे सामुतिरी राजा, मशिदीसाठी रोजचा ठरावीक मापाचा तांदूळ लावून देतो. एक मुक्त गुलाम आणि एक राजा एकाच दगडावर, आणि दोघांचा वाटा वेगवेगळ्या भाषेत. आणखी वर, एळिमलाजवळच्या हीलीला इब्न बतूता चौदाव्या शतकात पोचला. तिथल्या जामा मशिदीचा खजिना खलाशांच्या नवसांनी भरलेला होता, आणि त्यातून विद्यार्थ्यांना वेतन आणि वाटसरूंना जेवण मिळायचं, असं तो सांगतो. घाणी, जकात, तांदूळ, नवस. एकाच समुद्राकाठी चार तऱ्हा, आणि प्रत्येक तऱ्हा त्या त्या बंदराचा पैसा कुठून येत होता ते सांगते. मशिदींच्या स्थापत्यावर लिहिणाऱ्यांनी कमानी मोजल्या तशा कुणी किनाऱ्यावरच्या या उत्पन्नांची नीट वर्गवारी केली तर एक चांगला शोधनिबंध होईल. विषय शोधत असाल तर घ्या.

आपल्याकडचा, डहाणू तालुक्यातल्या चिंचणीचा ताम्रपट या सगळ्याला उलट्या बाजूने प्रकाश देतो. शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी ताजिक आहे : मधुमती, ऊर्फ सुगतिप. इथेही मधुमती म्हणजे महंमद. त्याने नद्यांवर फुकट तरी चालवल्या, भात-कालवण-तूप देणारं अन्नछत्र घातलं, आणि एका ब्राह्मणाने स्थापलेल्या मठिकेला जमीन मिळाली ती त्याच्या विनंतीवरून आणि राजा तिसऱ्या इंद्राच्या संमतीने. मठिकेत देवी भगवतीची पूजा आणि नैवेद्य. त्याच्या दहा वर्षं आधी चौलला आलेल्या अल-मसूदीने तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान असल्याचं लिहिलंय, सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलंबाळंही. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला. म्हणजे फिरोझ १२६४ मध्ये सोमनाथला बसून जो दस्त करत होता, त्यातली कुठलीच गोष्ट या किनाऱ्याला नवी नव्हती. परक्या धर्माच्या संस्थेला आपल्या दस्ताच्या चौकटीत बसवून घेण्याची सवय इथल्या कचेऱ्यांना तीनशे वर्षांपासून होती, आणि ती दोन्ही दिशांनी चालत होती.

वेरावळच्या दस्ताला ३५ वर्षं झाली आणि अलाउद्दीन खलजीच्या सैन्याने गुजरात घेतला. सोमनाथ पुन्हा लुटलं गेलं, वाघेल्यांचं राज्य गेलं. ज्या राजसत्तेच्या आणि पंचकुलाच्या भरवशावर फिरोझने सगळं नोंदवलं होतं, ती चौकटच मोडली. नवं राज्य मुसलमान सुलतानाचं होतं, आणि तरी या मशिदीच्या हक्काचे जुने साक्षीदार होते ठक्कुर आणि राणक, विकणारे होते शैव स्थानपती.

लेख मुळातून वाचायचा असेल तर थोडी पायपीट आहे. संस्कृत पाठ आधी हुल्श यांनी १८८२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला, मग दिनेशचंद्र सरकार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ३४ व्या खंडात. अरबी पाठ झियाउद्दीन देसाई यांनी त्याच मालिकेच्या अरबी-फारसी पुरवणीत, १९६१ च्या अंकात दिला. दोन शिळा दोन ठिकाणी, दोन पाठ दोन वेगळ्या खंडांत, आणि बहुतेक ग्रंथालयांत हे खंड वेगवेगळ्या कपाटांत असतात. चिंचणीचे ताम्रपट ३२ व्या खंडात सापडतील. दोन्ही खंड एकदमच मागवा, आणि संस्कृत पाठात पल्लडिकेच्या ओळीपासून वाचायला सुरुवात करा.